थंडीत अशक्त बॅटरीवर जुना ट्रक सुरू करताना: आधी हात, मग सेल्फ

माझ्याकडे १९५१चा शेवरोले ट्रक आहे. अर्ध्या टनाचा, २१६ क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी. आधी तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी चालवला, आता मी चालवतो. थंडीच्या सकाळी त्याला उठवायची रीत मी अण्णांकडूनच शिकलो. त्यांचं सगळं शिकवणं चार शब्दांत मावायचं: "आधी हात, मग सेल्फ." जे जे हातानं होण्यासारखं आहे ते सगळं आधी उरकायचं, आणि हातानं होत नाही तेवढंच काम बॅटरीवर सोपवायचं.

यामागचं कारण आधी सांगतो. ते एकदा डोक्यात बसलं की पुढच्या कृती पाठ कराव्या लागत नाहीत.

थंडीत लेड-ॲसिड बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. २७ अंश सेल्सिअसला ती जेवढा करंट देते त्याच्या साधारण दोन तृतीयांशच शून्य अंशाला देते, आणि उणे १८ला जेमतेम ४० टक्के. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, गिअरबॉक्समधलं तर काकवीसारखं. उणे १८ला इंजिन फिरवायला एरवीपेक्षा दुपटीहून जास्त जोर लागतो. म्हणजे जास्त जोराची गरज असते तेव्हाच बॅटरी हात आखडते. नवी, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी हे निभावून नेते. जुनी, अर्धी उतरलेली असेल तर तिच्यात फार तर तीन-चार चांगले सेल्फ शिल्लक असतात. ते पेट्रोल ओढण्यात किंवा गोठलेलं ऑइल मोकळं करण्यात घालवले की प्रत्यक्ष इंजिन पेट घ्यायच्या वेळी काही उरत नाही.

सहा व्होल्टच्या गाडीत आणखी एक अडचण असते आणि ती पटकन लक्षात येत नाही. सेल्फ फिरताना अशक्त बॅटरी चार व्होल्टवर, कधी त्याच्याही खाली येते. इग्निशन कॉइललाही, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या भागालाही, मग तेवढेच व्होल्ट मिळतात. इंजिन फिरत असतं, पण ठिणगीत दम नसतो. पाहणाऱ्याला वाटतं पेट्रोल येत नाहीये, म्हणून तो ॲक्सिलरेटर मारत बसतो आणि प्लग भिजवून ठेवतो. पुढे आलेल्या बारा व्होल्टच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना रेझिस्टर टाळून कॉइलला थेट करंट देणारी वायर असते. आपल्या सहा व्होल्टवाल्यांना ती सोय नाही.

आदल्या रात्री

सकाळची अर्धी लढाई रात्रीच जिंकता येते. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा उपाय म्हणजे बॅटरी काढून घरात आणणं. माझ्या ट्रकची बॅटरी केबिनच्या फरशीखाली, ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला बसते. मॅट उचलायची, पत्र्याचं झाकण काढायचं की ती दिसते. काढताना अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली केबल आधी सोडायची, लावताना ती शेवटी लावायची. कारण साधं आहे: अर्थ जोडलेली असताना दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर बॅटरीचा सगळा करंट पान्यातून वाहतो. पाना तिथंच चिकटतो आणि हात भाजतो.

अर्थ कुठली, हे गाडी बघून ठरवा, सवयीनं नको. शेवरोलेच्या सहा व्होल्टच्या ट्रकांत अर्थ निगेटिव्ह आहे. त्याच काळातल्या फोर्ड आणि डॉजच्या ट्रकांत १९५५पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ असायची. नंतरच्या मालकानं वायरिंग बदललेलंही असू शकतं. म्हणून बॅटरीवरची खूण आणि बॉडीला गेलेली केबल, दोन्ही डोळ्यांनी पाहा.

बॅटरी घरात आणली की तासाभरानं हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायचं साधन, लावा. पूर्ण चार्ज बॅटरीत आकडा १.२६५च्या आसपास येतो, १.१९०ला ती अर्धी आहे आणि १.१२०ला रिकामी. तिन्ही सेलचे आकडे जवळपास सारखे हवेत. दोन सेल १.२५० आणि तिसरा १.१८० दाखवत असेल तर तो सेल गेलाय. त्या बॅटरीवर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, नवी आणा. हायड्रोमीटर नसेल तर मीटरवर व्होल्ट पाहा. सहा व्होल्टची बॅटरी आरामात असताना ६.३ म्हणजे भरलेली, ६.१ म्हणजे अर्धी. बारा व्होल्टची असेल तर १२.६ आणि १२.२. नुकतीच चार्जरवरून काढलेली असेल तर हा आकडा फुगलेला दिसतो, म्हणून थोडा वेळ जाऊ द्यायचा.

रात्रभर चार-पाच अँपिअरनं सावकाश चार्ज करा. चार्जरवर सहा व्होल्टचं बटण आहे ना ते दोनदा बघा. खोली हवेशीर ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो एका ठिणगीनं पेटतो. पाणी प्लेटांच्या खाली गेलं असेल तर आधी फक्त प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड पाणी घाला. वरपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते.

सकाळी घरातून नेलेली बॅटरी वीस अंशांवर असते, बाहेरची उणे दहावर. बॅटरी तीच, चार्ज तोच, पण सेल्फचा आवाज ऐकला की विश्वास बसत नाही इतका फरक. फक्त शेवटच्या क्षणी नेऊन बसवा. रात्रभर घरात ठेवायची आणि पहाटेच गाडीत लावून नाश्ता करत बसायचं, यात काही मिळत नाही.

ऑइलबद्दल एवढंच सांगतो. थंडीच्या महिन्यांत गाडीच्या मॅन्युअलमध्ये हिवाळ्यासाठी दिलेलं पातळ ऑइलच घाला. सरळ एसएई ३० किंवा ४०वर जानेवारी काढायचा हट्ट मी पाहिला आहे. अशा इंजिनाला धडधाकट बॅटरीसुद्धा हलवू शकत नाही. इंजिनाखाली लावायचा विजेचा हीटर मिळत असेल तर जरूर लावा. जाळ, शेगडी, ब्लो-लँप ऑइलच्या चेंबरखाली धरायचा विचारसुद्धा करू नका. जुन्या इंजिनाच्या खालच्या अंगाला ऑइल आणि पेट्रोल कुठंतरी झिरपलेलं असतंच.

केबल, सांधे आणि अर्थ

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण "बॅटरी कमजोर आहे" असं म्हणून लोक नवी बॅटरी आणतात आणि दोष निघतो केबलमध्ये.

तेवढंच काम सहा व्होल्टवर करायचं तर बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. थंड इंजिनाला दोनशे अँपिअर सहज लागतात, कधी त्याहून बरेच जास्त. आता एखाद्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलाय आणि त्या सांध्याचा अडथळा फक्त पाच मिलिओहम आहे असं धरा. साध्या मीटरवर तो दिसणारही नाही. पण दोनशे अँपिअर गुणिले ०.००५ म्हणजे पूर्ण एक व्होल्ट त्या सांध्यातच जळतो. बारा व्होल्टच्या गाडीत हा बारावा हिस्सा, आपल्या गाडीत सहावा. असे दोन सांधे असले की सेल्फला मिळतात चार व्होल्ट, आणि शिव्या खाते बॅटरी.

मी स्वतः दोन हिवाळे यात घालवले. जुन्या केबलचं रबर तडकलं होतं म्हणून दुकानातून चकचकीत लाल-काळ्या तयार केबल आणल्या. त्या बारा व्होल्टच्या गाड्यांसाठीच्या होत्या, वरून जाड दिसायच्या पण आत तांबं थोडं आणि प्लॅस्टिक फार. त्या दोन वर्षांत एक चांगली बॅटरीही बदलून झाली. शेवटी एका सकाळी तीन-चार सेल्फ मारल्यावर सहज अर्थच्या केबलला हात लागला आणि चटका बसला. तेव्हा कळलं. तेव्हापासून ही तपासणी सगळ्यांना सांगतो: दहा सेकंद सेल्फ मारला की लगेच उतरा आणि प्रत्येक केबल, प्रत्येक सांधा हातानं चाचपा. जो गरम, तो चोर. सहा व्होल्टला एक शून्य किंवा दोन शून्य गेजची केबल लागते, करंगळीएवढी जाड तरी.

मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर धरा, क्लँपवर नको, आणि दुसरं सेल्फच्या टर्मिनलवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी पाव व्होल्टाहून जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठंतरी घाण आहे. मग हेच अर्थच्या बाजूनं करा: बॅटरीचा दुसरा खांब आणि सेल्फची बॉडी. अर्थची बाजू कुणी तपासत नाही आणि दोष बहुतेक वेळा तिथंच सापडतो, कारण केबल चेसिसला जिथं बोल्टनं धरलेली असते तिथं रंग आणि गंज असतो. मी ती जागा पॉलिश पेपरनं पांढरी होईपर्यंत घासली, आणि चेसिसच्या भरवशावर न राहता इंजिनापासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड केबल टाकली.

टर्मिनलवरचा थर काढायला पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं लावा. फसफसून थर सुटतो. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, खांब आणि क्लँप आतून-बाहेरून घासा, जोडा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन लावून मग जोडू नका.

माझ्या ट्रकला सेल्फ पायानं दाबायचा आहे, ॲक्सिलरेटरच्या वर छोटं पेडल असतं. किल्लीनं फक्त इग्निशन चालू होतं. हे पेडल पिनियनही, म्हणजे इंजिनाला फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाकही, पुढं ढकलतं आणि करंटही जोडतं. म्हणून ते चाचरत, अर्धं दाबायचं नाही. अर्धवट दाबलं की आतल्या कॉन्टॅक्टवर ठिणग्या पडतात, तो जळतो आणि तिथं नवा अडथळा तयार होतो. एकदा दाबायचं ठरवलं की थेट शेवटपर्यंत.

सकाळी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके. शेडमध्ये असाल तर दार पूर्ण उघडं. चोकवर, म्हणजे हवा कमी करून जास्त पेट्रोलवर, चालणाऱ्या थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

आधी पेट्रोल. ट्रक आठवडाभर उभा असेल तर फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठायच्या भांड्यातलं पेट्रोल बरंचसं उडून गेलेलं असतं. पेट्रोल पंप इंजिनावर चालतो, म्हणजे ते पुन्हा भरायचं तर इंजिन बरंच फिरवावं लागणार, आणि ते फिरवणार बॅटरी. अशा वेळी सेल्फ अजिबात मारू नका. काही पंपांना हातानं हलवायची छोटी कळ असते, ती हलवून चेंबर भरा. माझ्या पंपाला ती नाही. मी बारीक तोंडाच्या तेलाच्या बुदलीनं फ्लोट चेंबरच्या हवेच्या भोकातून दोन-तीन चमचे पेट्रोल सोडतो. सांडलेलं पुसायचं, बुदली झाकण लावून दहा पावलं लांब ठेवायची आणि एअर क्लीनर परत बसवायचा. थंड इंजिन कार्बोरेटरमधून उलटं फडफडलं तर ज्वाळा एअर क्लीनरच अडवतो. उघड्या कार्बोरेटरवर वाकून कुणाला "मार सेल्फ" म्हणू नका. आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या.

मग हँडल, म्हणजे पुढून घालून इंजिन हातानं फिरवायचा लोखंडी दांडा. इग्निशन बंद ठेवून इंजिन हातानं चार-पाच पूर्ण फेरे फिरवायचं. पहिला अर्धा फेरा नकोसा वाटतो. रात्रभर पिस्टन सिलिंडरला जणू डिंकानं चिकटलेले असतात. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत हाताला हलकेपणा जाणवतो. तोच हलकेपणा आता बॅटरीला मिळणार आहे. हे करताना चोक पूर्ण ओढलेला असला तर मिश्रण सिलिंडरमध्ये ओढलंही जातं, म्हणजे ठिणगीची वाट पाहत पेट्रोल तयार उभं असतं.

आता केबिनमध्ये. हेडलाइट, हीटर, सगळं बंद. चोक पूर्ण बाहेर. हँड थ्रॉटल बोटभर बाहेर. ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, फार थंडी असेल तर दोनदा. प्रत्येक दाबणीला कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंप पेट्रोलची एक पिचकारी आत सोडतो, म्हणून मोजून दाबायचं. मग क्लच पूर्ण दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. न्यूट्रलमध्ये क्लच कशाला, असं माझ्या लेकीनं विचारलं होतं. क्लच न दाबता सेल्फ मारला तर न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्समधले दाते त्या घट्ट ऑइलमध्ये घुसळत फिरतात, आणि ते घुसळायचं कामही बॅटरीच्या गळ्यात पडतं.

इग्निशन चालू, आणि सेल्फ. पाच सेकंद, फार तर दहा. पेट घेण्याची चाहूल लागली तर सोडू नका, एखाद-दुसरा सिलिंडर पेटत असेल तर आणखी दोन सेकंद साथ द्या. काहीच झालं नाही तर सोडा, इग्निशन बंद करा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. या मिनिटात बॅटरीच्या प्लेटांपाशी ताजं ॲसिड पोचतं आणि ती थोडी सावरते. दहा-दहा सेकंदांच्या तीन प्रयत्नांत जे मिळतं ते सलग तीस सेकंदांत मिळत नाही, आणि सलग मारण्यात सेल्फही तापतो.

दुसऱ्या प्रयत्नाआधी नाक चालवा. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतोय का? येत असेल तर पेट्रोल भरपूर आहे, चोक अर्धा आत करा. वास अजिबात नसेल तर पेट्रोल पोचलेलं नाही.

प्लगबद्दल एक छोटी गोष्ट. ठिणगी अशक्त असेल तर प्लगची गॅप मॅन्युअलमधल्या आकड्याच्या कमी बाजूला ठेवा. झिजून वाढलेली गॅप उन्हाळ्यात चालून जाते, चार व्होल्टवर चालत नाही. पॉइंटही, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टही, स्वच्छ हवेत.

हँडलनंच सुरू करायचं असेल तर

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सेल्फ फिरवायला थकलेली बॅटरी ठिणगी द्यायला थकलेली नसते. सेल्फ शेकडो अँपिअर खातो, कॉइलला चार-पाच पुरतात. सेल्फला हात न लावता इंजिन हँडलनं फिरवलं तर तीच बॅटरी कॉइलला जवळपास पूर्ण सहा व्होल्ट देते आणि ठिणगी खणखणीत पडते. सेल्फ नुसता "कट्" म्हणून गप्प बसलाय आणि हँडलच्या दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालंय, असं माझ्याकडे किती वेळा झालं असेल.

पण हँडल मनगट मोडू शकतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला त्याआधी मोडलेलं मनगट ही मोटारवाल्यांची नेहमीची इजा होती. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटं फिरतं आणि हँडल तुमच्यावर येतं. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वेढायचा नाही. फक्त खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही, कारण दाबताना तुमचं सगळं वजन त्याच्यावर असतं आणि उलटा झटका आला तर सुटायला वाट नसते. ओढताना आला तर हँडल बोटांतून निसटतं. एका वेळी एकच झटका. कॉम्प्रेशन हाताला लागलं की दात पुन्हा बसवून हँडल खाली आणायचं आणि तिथून वर खेचायचं. ज्या गाड्यांना स्पार्क मागेपुढे करायचा लिव्हर आहे त्यात तो पूर्ण मागे घ्यायचा. पाय घट्ट, तळवा कोरडा, खाली बर्फ असेल तर वाळू टाका. गळ्यात मफलर नको.

अण्णांनी मला पहिल्यांदा हँडल दिलं तेव्हा महिनाभर इग्निशन बंद ठेवूनच ओढायला लावलं होतं. माझा अंगठा आपोआप बोटांशेजारी जायला लागला तेव्हाच त्यांनी किल्ली फिरवली. मीही लेकीला तसंच शिकवलं. आता ती पुढं उभी असते, मी केबिनमध्ये. "बाबा, लावू?" "थांब गं, चोक बघू दे." मग मी किल्ली फिरवतो आणि "हं" म्हणतो. त्या "हं"शिवाय ती हँडलला हात लावत नाही आणि तिचा आवाज आल्याशिवाय मी सेल्फच्या पेडलवर पाय नेत नाही. हँडल लागलेलं असताना सेल्फ मारणं म्हणजे समोरच्याचा हात तोडणं.

उतार असेल तर ढकलूनही जमतं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर. पण बॅटरीत कॉइलपुरता जीव लागतोच.

पेट्रोल ओव्हर झालं तर

चोक पूर्ण आत. ॲक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबून तिथंच धरायचा, पंप करायचा नाही. तसंच हातानं आठ-दहा फेरे, मग एक सेल्फ. तरीही नाही तर प्लग काढा, पुसा, घरात शेकोटीपासून लांब पण उबेत सुकवा आणि गरम असतानाच बसवा. गरम, कोरड्या प्लगांवर हट्टी इंजिनही बऱ्याचदा ऐकतं. ईथरचा फवारा मी वापरत नाही. फार झाला तर पिस्टनवर घाव बसतो, आणि ग्लो प्लगच्या, म्हणजे सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगच्या, डिझेल इंजिनात तर तो स्फोटच घडवू शकतो. तुमचा ट्रक डिझेल असेल तर ग्लो प्लगना पूर्ण वेळ द्या आणि बॅटरी उबेत ठेवायचा नियम दुप्पट पाळा. तिथं ठिणगी नसते, कॉम्प्रेशनच्या उष्णतेवर सगळं चालतं, त्यामुळे सेल्फ जोरात फिरणं हेच सर्वस्व आहे.

दुसऱ्या बॅटरीचा आधार

सहा व्होल्टला सहाचाच आधार द्या. शेजारच्या बारा व्होल्टच्या गाडीला केबल लावून ट्रक सुरू होतो, खरं आहे. पण बल्ब, मीटर, रेडिओ उडतात आणि बॅटरी उकळून फुटू शकते. मी एक जादा सहा व्होल्टची बॅटरी घरात चार्ज करून ठेवतो.

निगेटिव्ह अर्थच्या ट्रकात आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह. मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि त्या केबलचं दुसरं टोक अशक्त बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि ती हायड्रोजनजवळ पडायला नको. पॉझिटिव्ह अर्थच्या ट्रकात आधी निगेटिव्हला निगेटिव्ह, आणि शेवटची, इंजिनावरची जोडणी पॉझिटिव्हची. सोडताना उलट्या क्रमानं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

केबल किंवा चार्जर लावण्याआधी बॅटरी गोठलेली नाही ना, ते बघा. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासच्याही खाली गोठतं, पण रिकाम्या बॅटरीतलं जवळपास पाणीच असतं आणि ते उणे ७ ते १० अंशांतच गोठतं. एकदा केबिनचा दिवा तीन दिवस चालू राहिला आणि रात्री पारा उणे बारावर गेला. सकाळी बॅटरी बाहेर काढून मी चार्जरचे चिमटे हातात घेतले होते. लेक म्हणाली, "बाबा, ही बाजू फुगलीय का?" खरंच फुगली होती. झाकण उघडलं तर आत सुयांसारखे बर्फाचे स्फटिक. अशा बॅटरीला करंट दिला तर आतला वायू कोंडून ती फुटू शकते, ॲसिडसकट. आम्ही ती टबात ठेवून शेडच्या उबदार कोपऱ्यात वितळू दिली. संध्याकाळी खालच्या कडेनं ॲसिड झिरपायला लागलं, आत डबा तडकला होता. मी ती भंगारात दिली.

सुरू झाल्यावर

लगेच रेस करू नका. हँड थ्रॉटलवर मध्यम वेगात ठेवा आणि ऑइलचा काटा उठला का ते आधी पाहा. चोक एकदम नव्हे, मिनिटा-दोन मिनिटांनी बोटबोट आत करत जा. इंजिन अडखळलं तर थोडा परत ओढा.

मग अँपिअर मीटर बघा. जुन्या ट्रकात अल्टरनेटर नसतो, डायनॅमो असतो, आणि तो मंद गतीला जवळजवळ काहीच देत नाही. उभ्या जागी दहा मिनिटं फुरफुरत ठेवून बंद केलेला ट्रक बॅटरी भरत नाही, उलट एका सेल्फची उधारी करून ठेवतो. काटा चार्जच्या बाजूला जाईल एवढ्या वेगानं तासभर रस्त्यावर न्या, नाहीतर संध्याकाळी पुन्हा चार्जर लावा. माझ्या ट्रकचा काटा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये लागला की उजवीकडे सरकतो. मी वळसा घालून त्याच रस्त्यानं जातो, आणि परत आल्यावर बॅटरी काढून घरात नेतो.